राणीचा चमचा

चंद्रहास कारखानीसने मार्सेल तुस्कानोला मारलं ते एका चमच्यासाठी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी उगाच खुनी शोधत बसणार नाही. खरं तर वयाला मान देऊन त्याला कारखानीसकाका वगैरे म्हणायला हवं. पण ज्याने मित्राची कवटी वरवंट्याने फोडली त्याला अहो-जाहो करायला जीभ रेटत नाही.

चमचा चांदीचा होता, करंगळीपेक्षा थोडा लांब. विलायतेत पूर्वी अशी रीत होती की एखाद्या शहराला भेट दिली की तिथली आठवण म्हणून चांदीचा छोटा चमचा विकत घ्यायचा. दांड्याच्या टोकाला त्या शहराची खूण असायची, कुठे मनोरा, कुठे गलबत, कुठे नुसता सिंह. माणसं मेली, घरं मोडली आणि ते चमचे जुन्या बाजारांत आले. मार्सेल भुईगावचा. त्याचं आयुष्य बोटीवर बटलरकी करण्यात गेलं होतं. बोट बंदराला लागली की बाकीचे खलाशी जिथे जायचे तिथे न जाता हा जुन्या बाजारात जायचा आणि एखादा चमचा खिशात घालून परतायचा. निवृत्त झाल्यावर त्याने ते सगळे हॉलमधल्या काचेच्या कपाटात टांगले. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो एकेका चमच्यामागची गोष्ट सांगायचा, त्यातली अर्धी खोटी.

चंद्रहास तुळिंजला राहणारा, विमा कंपनीत नोकरी करून फ्लॅट घेतलेला. त्याने कधी बोटीवर पाऊल ठेवलं नव्हतं. त्याचे चमचे चोरबाजारातले, घासाघीस करून मिळवलेले. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते अशाच माणसांना बघून म्हणत असावेत. त्याची बायको संपदा जिवंत असताना तिने प्रत्येक चमच्यासाठी मरून रंगाच्या मखमलीची छोटी थैली शिवली होती, काठाला पिवळ्या दोऱ्याची नागमोडी टीप घालून. थैलीत आधी खडूचा तुकडा जायचा, कारण खडू ओल शोषून घेतो आणि चांदी काळी पडत नाही. मग चमचा दांड्याकडून आत, मग झाकणाची दुहेरी घडी. चमचा बघून झाला की हे सगळं पुन्हा त्याच क्रमाने. संपदा गेल्यावर तर तो हे एखाद्या पूजेसारखं करायचा. मार्सेलच्या घरी जाताना दोन-चार थैल्या बरोबर असायच्याच, आणि मार्सेलची बायको रोझमेरी चहा घेऊन आली की म्हणायची, "चंद्रहासभाऊंचा संध्याकाळचा रोजरीचा जप चालू हाय, जरा थांबा."

मैत्री होती, आणि चांगली होती. बिनसलं ते एका जोडीवरून. लंडनमध्ये कुठल्याशा राज्याभिषेकाच्या वेळी राजा-राणीच्या मुखवट्यांचे जोडचमचे विकले गेले होते. राजा चंद्रहासकडे होता, राणी मार्सेलकडे. चंद्रहासने राणीच्या बदल्यात हवे तेवढे चमचे घे म्हणून सांगितलं, विनवण्या केल्या, एकदा तर डोळ्यांत पाणी आणलं. मार्सेल हसायचा. तो वाईट नव्हता, पण खोडसाळ होता, आणि चंद्रहासला चिडवण्यात त्याला मजा यायची. चमचा हा खाण्यासाठी असतो, असं म्हणून तो राणीने लोणचं काढायचा, चहा ढवळायचा, आणि समोरच्याचा चेहरा बघत बसायचा.

त्या दुपारी रोझमेरी पापडी गावच्या बाजारात गेली होती. मार्सेल ओट्यावर बसून अर्धकच्चं अंडं खात होता, आणि खात होता राणीने.

ज्याला चांदी कळते त्याला ही गोष्ट सांगायला नको. अंड्याने चांदी काळी पडते. लगेच पडते, आणि मग कितीही घासलं तरी मुखवट्याच्या बारीक रेघांत तो काळेपणा कायम राहतो. चंद्रहासने आधी हात जोडले. "मार्सेल, अरे, दुसरा घे. स्टीलचा घे. काय हवं ते कर, पण अंडं नको."

"राणीला पण भूक लागते रे," मार्सेल म्हणाला आणि त्याने चमचा पिवळ्या बलकात मुद्दाम गोल फिरवला.

ओट्याच्या कोपऱ्यात पाटा आणि वरवंटा होता. चंद्रहासला नंतर आठवायचं ते एवढंच, की वरवंटा धुऊन उन्हात ठेवलेला होता आणि हाताला कोमट लागला. पहिला घाव कानशिलावर बसला. मार्सेलचं हसू तोंडावरच राहिलं, ओठाला बलक तसाच. तो उठायला गेला तेव्हा दुसरा घाव टाळूवर बसला आणि नारळ फुटल्यासारखा आवाज आला. तिसऱ्याची गरज नव्हती. चंद्रहासने तो घातला. चौथाही घातला. इतक्या वर्षांच्या सगळ्या हसण्याचं उट्टं त्याने एका मिनिटात काढलं, आणि मग मार्सेलच्या मुठीतून चमचा सोडवून घेतला. मूठ घट्ट होती. बोटं उलटी वाकवावी लागली. एक मोडलंही.

वरवंटा त्याने वाडीमागच्या बावखलात, त्या जुन्या तळ्यात, टाकला. हिरव्या पाण्यात तो बुडला, वर शेवाळ पुन्हा मिळून आलं. शर्टावर उडालेलं रक्त त्याने उन्हासाठी आणलेली छत्री उघडून तिच्याआड झाकलं आणि केळीच्या बागेतून मागच्या गल्लीने तो निघून गेला. घरी पोचल्यावर त्याने आधी काय केलं असेल? आंघोळ नाही. त्याने आधी चमचा धुतला.

आता पुढचं ऐका, कारण खरी चीड येते ती इथे. त्याच सकाळी गिरीज गावचा जितेश मार्सेलच्या वाडीत नारळ पाडायला आला होता. माडावर सरसर चढणारा, गरीब आणि कामाला चोख माणूस. दुपारी तो विसरलेला कोयता न्यायला परत आला आणि कुंपणावरून उतरताना कुणीतरी त्याला बघितलं. कपाटातून एक चमचा नाहीसा, घरात प्रेत, आणि कुंपणावर कोयता घेतलेला माणूस. गावाला एवढं पुरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

बातमी नुकतीच कळल्यासारखं करून चंद्रहास संध्याकाळी भुईगावला पोचला, तेव्हा मार्सेलचा धाकटा भाऊ मार्क आणि चार-पाच जण जितेशला माडाला बांधत होते. मार्क धिप्पाड, भावावर जीव टाकणारा, रडून डोळे लाल झालेला. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशातला मोबाइल काढला आणि दोन्ही चंद्रहासच्या हातात दिले. "धरा जरा, भाऊ."

चंद्रहासने धरले.

मग झावळीच्या ओल्या दांड्यांनी जितेशला मारलं. पाठीवर मारलं, मांड्यांवर मारलं, दांडे तुटले तेव्हा कुणीतरी लोखंडी पहार आणली आणि मार्कने ती आडवी करून जितेशच्या खुब्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज चंद्रहासला ओळखीचा होता, दुपारीच ऐकलेला. जितेश आधी ओरडत होता, "देवाशप्पत, मी नाय, मी नाय," मग नुसता ओरडत होता, मग तेही थांबलं. त्याची बायको यमुना प्रत्येकाच्या पाया पडत फिरत होती. ती चंद्रहासच्याही पाया पडली. "काका, तुमी शिकलेले, तुमी सांगा त्यांना." एका शब्दाने थांबलं असतं. चंद्रहास घड्याळ धरून मूग गिळून उभा राहिला.

पुढे पोलिसांनी जितेशला नेलं, इस्पितळात ठेवलं, आणि पुरावा नाही म्हणून शेवटी सोडून दिलं. गावाने सोडलं नाही. खुबा वाकडा जुळला, माडावर चढणं कायमचं संपलं, आणि खुनी हा शिक्का कपाळावर राहिला तो राहिलाच.

चमचा मात्र चंद्रहासला पचला नाही. तो राजाशेजारी ठेवला की मार्सेलचा पिवळा ओठ दिसायचा. फेकून द्यायला समुद्र जवळ होता, खाडी जवळ होती, पण इतकी दुर्मीळ चीज पाण्यात टाकायची या विचारानेच तो काठावरून परत यायचा. ठेववेना आणि फेकवेना. शवविच्छेदन होऊन प्रेत घरी आलं, तेव्हा त्याला वाट सुचली. हॉलमध्ये शवपेटी ठेवली होती. मार्सेल त्यात लग्नाच्या निळ्या टेरिलीनच्या सुटात झोपला होता, डोक्याला पांढरं कापड गुंडाळलेलं. लोक एकेक करून फुलं वाहत होते. चंद्रहास फुलं घेऊन वाकला, रडला (ते रडणं खोटं नव्हतं, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं), आणि राणी कोटाच्या आतल्या खिशात सरकवून दिली. ज्याची त्याला परत केली, असं त्याला वाटलं. पेटी बंद झाली, सिमेट्रीत खड्ड्यात उतरली, वर माती पडली. सुंठेवाचून खोकला गेला.

इथे त्याची चूक झाली, आणि ती भुईगावच्या कुणाकडूनही झाली नसती. चंद्रहासच्या घरात माणसं जाळतात. राख पाण्यात सोडली की विषय संपतो. पुरलेलं माणूस कायमचं पुरलं जातं, अशी त्याची समजूत होती.

काही वर्षं अशीच गेली आणि एका उन्हाळ्यात रोझमेरीचा फोन आला. "चंद्रहासभाऊ, येत्या शनिवारी मार्सेलची कबर उघडायची हाय. तुमी या. त्याचे सगळ्यात जवळचे दोस्त तुमी."

"उघडायची म्हणजे?"

"म्हंजे काय! सिमेट्रीत जागा किती? कबर आमची कायमची नसते. थोडी वर्षं झाली की उघडायची, हाडं काढून धुवायची, पेटीत घालून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची. मग त्या जागी दुसरा कोन तरी. तुमाला ठाऊक नव्हता?"

चंद्रहासची पाचावर धारण बसली. तरी आवाज सांभाळून त्याने विचारलं, "आणि कपडे?"

"टेरिलीन कुठे कुजतंय? तसाच निघतो कोट. झाडून-बिडून बघतो, मग जाळतो." मग ती म्हणाली, "खणायला जितेश हाय आता. फादरांनी त्याला त्या कामाला लावलाय. मार्कला नाय आवडत. पन मी म्हनलं, असू दे."

फोन ठेवला आणि त्याला दुसरी गोष्ट आठवली. चमचा त्याने खिशात सरकवला होता, पण कसा? उघडा नव्हे. उघडी चांदी कापडात ठेवायची त्याच्या हातांना सवयच नव्हती. राणी संपदाच्या मखमली थैलीत होती, खाली खडू, वर दुहेरी घडी. त्याने कपाटातल्या थैल्या काढून बघितल्या. संपदाने जास्तीची शिवून ठेवलेली एक नव्हती. चोर कधी थैली शिवून, खडू घालून चमचा परत करतो का?

शनिवारी चर्चमधला सकाळचा मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर सगळे सिमेट्रीत गेले. चंद्रहास सगळ्यांच्या पुढे, अगदी खड्ड्याच्या काठाशी उभा राहिला. कोट वर आला की 'द्या इकडे, मी धरतो' म्हणायचं आणि हात आत घालायचा, एवढंच त्याने ठरवलं होतं. जितेश खड्ड्यात उतरून, वाकडा पाय एका बाजूला टाकून माती काढत होता. त्याने चंद्रहासकडे बघून मान लववली.

पेटीच्या फळ्या खचल्या होत्या. आधी डोकं निघालं, टाळूला मुठीएवढं भगदाड असलेलं, आणि रोझमेरीने ते ओढणीत घेताना कण्हल्यासारखा आवाज काढला. मग कोट निघाला, मातकट पण अख्खा, आत बरगड्यांचा खुळखुळाट. "द्या इकडे," चंद्रहास म्हणाला आणि त्याने हात पुढे केला. पण जितेशने कोट आधीच उलटा करून झाडला होता.

आतल्या खिशातून चिखलाने माखलेली एक चिंधी पडली आणि चिंधीतून काळा चमचा. जितेशने तो उचलला, अंगठ्याने पुसला आणि वर धरला. "बाई, हे बगा काय निघाला!"

कुणी काही बोलायच्या आत चंद्रहास खड्ड्याच्या उतारावर घसरल्यासारखा एक पाऊल खाली गेला आणि त्याने चिंधीवर बूट ठेवला. आता चमचा होता, थैली नव्हती. रोझमेरीची नजर चमच्यावरच होती. "राणी," ती म्हणाली. "हीच ती. हीच नेली होती."

मार्कचा चेहरा पांढरा पडला, मग काळा-लाल झाला. "म्हंजे इतकी वर्षं तुझ्याकडेच होती!" तो जितेशवर ओरडला. "आन आज मातीत गावल्याचा नाटक करतोस? माझ्या भावाच्या हाडांवर?"

"मार्कदादा, कोटातनं पडली, आत्ता तुमच्यासमोर..."

मार्कने त्याला कॉलर धरून खड्ड्यातून वर खेचलं आणि शेजारच्या कबरीच्या लादीवर आपटलं. नाकाचं हाड मोडलं. जितेश उठायला गेला तर वाकडा पाय त्याला उठू देईना, आणि मार्कने त्याच खुब्यावर लाथ घातली, पुन्हा घातली, पुन्हा घातली. जितेशच्या तोंडातून रक्त आणि दात एकदमच बाहेर आले. रोझमेरी मार्कच्या दंडाला लोंबकळली, त्याने तिला झटकून टाकलं. मग त्याने फावडं उचललं. फावड्याचं पातं जितेशच्या खांद्यात रुतलं तेव्हा तो चंद्रहासकडेच बघत होता, कारण समोर तोच उभा होता.

पुन्हा एका शब्दाचंच काम होतं. चंद्रहासला ते कळत होतं. त्याच्या बुटाखाली मखमल होती आणि त्याने टाच आणखी दाबली. मरेल हा, असं त्याच्या मनात आलं. आणि त्यापाठोपाठ आलं ते असं, की मेला तर कायमचं मिटेल.

पण मार्कची नजर चमच्यावर गेली. तो जितेशच्या हातून सुटून लादीवर पडला होता. "ह्याच्यापायी माझा भाऊ गेला," मार्क म्हणाला, आणि चमचा चेचून टाकायला त्याने दोन्ही हातांनी फावडं डोक्यावर उचललं.

"अरे, नको!" चंद्रहास किंचाळला.

भुईगावातल्या लोकांनी त्याला कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. तो खड्ड्यातून धडपडत वर आला आणि फावड्याखाली हात घालून त्याने चमचा ओढून घेतला. पातं लादीवर आपटलं, ठिणगी उडाली. चंद्रहास तिथेच उकिडवा बसला. त्याने शर्टाच्या टोकाने राणीचा चेहरा पुसला, त्यावर तोंडाची वाफ सोडली, पुन्हा पुसला. मार्कचं फावडं, जितेशचं कण्हणं, सगळं त्याच्यापासून लांब गेलं होतं. सवयीने हात बाजूला गेला. थैली तिथे नव्हती. तो गुडघ्यांवर सरकत खड्ड्याच्या उतारापर्यंत गेला, बुटाने दाबलेली चिंधी त्याने ओढून काढली, झटकली, दोन बोटांनी आत चाचपलं. खडू होता. विरघळून सुपारीएवढा उरलेला, पण होता. त्याने खडू तळाला सारला. चमचा दांड्याकडून आत घातला. झाकणाची दुहेरी घडी घातली आणि वरून हात फिरवला.

मग त्याने मान वर केली.

सिमेट्रीत कुणी हलत नव्हतं. रोझमेरी त्याच्या हातांकडे बघत होती. हेच हात तिने आपल्या हॉलमध्ये चहाच्या कपांशेजारी कितीतरी संध्याकाळी हेच करताना बघितले होते. चिखलातूनही थैलीच्या काठाची पिवळी नागमोडी टीप दिसत होती, टेरिलीनच्या दोऱ्याची, न कुजलेली.

"ही संपदावहिनींची टीप," ती म्हणाली.

चंद्रहासने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मार्कने फावड्याची पाठ त्याच्या तोंडावर मारली. तो उलटा खड्ड्यात गेला, मार्सेलच्या फुटक्या फळ्यांवर पाठीवर पडला, आणि मार्क त्याच्यामागून उतरला. एक घाव गुडघ्यावर, एक कोपरावर. हाडं मोडत होती आणि काठावरची माणसं आणखी मार म्हणत होती, तीच माणसं, त्या संध्याकाळची. मार्कने शेवटचा घाव घालायला फावडं उभं धरलं.

"थांब!"

आवाज जितेशचा होता. तो कोपरांवर सरपटत काठापर्यंत आला होता, नाक फुटलेलं, खांदा उघडा पडलेला. "मारू नको त्याला," तो म्हणाला. "मेला तर बोलंल कोन?"

मार्कने फावडं हवेतच थोपवलं.

"बोल," जितेश खड्ड्यात बघून म्हणाला. "सगळ्यांसमोर बोल. माझी यमुना तुझ्या पाया पडली होती."

चंद्रहास बोलला. तुटक्या दातांतून जेवढं येत होतं तेवढं बोलला. अंडं, वरवंटा, बावखल, घड्याळ, सगळं. मार्कने फावडं टाकलं. तो वर चढला, जितेशजवळ जाऊन बसला, आणि हात कुठे लावायचा हेच त्याला कळेना, कारण जिथे लावावा तिथे त्यानेच मोडलेलं होतं. शेवटी त्याने जितेशला पाठीवर घेतलं आणि तो रडत गाडीकडे पळाला.

रोझमेरी काठावर गुडघे टेकून बसली. तिने खड्ड्यात हात पुढे केला. चंद्रहासला वाटलं, ही बाई देवाला मानणारी, आपल्याला वर काढते आहे. त्याने धड असलेला हात उचलून तिच्याकडे केला.

"हात नको," रोझमेरी म्हणाली. "चमचा दे."

तो छातीशी थैली धरून होता. बोटं मोकळी करायला त्याला वेळ लागला, आणि तो दुखण्यामुळे लागला नाही. शेवटी रोझमेरीने त्याचं एकेक बोट उलटं वाकवलं, जसं त्याने मार्सेलचं वाकवलं होतं.